पांढरं पिंपात, पिवळं पातेल्यात

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. वाईन करणारी माणसं दोन तऱ्हेची असतात. काही नुसती वाईन करतात आणि काही घराणं उभं करतात. मी दुसऱ्या तऱ्हेचा! लेबलं तर मी पहिलं द्राक्ष चिरडायच्या आधीच छापून आणली होती. झोकदार अक्षरांत आमचं आडनाव आणि त्याखाली ठसठशीत 'आणि कुटुंब'! आता दोनच गोष्टी तयार व्हायच्या राहिल्या होत्या, वाईन आणि कुटुंब.

वाईन तरी पिंपात घातली की गप्प बसते. कुटुंबाचं तसं नसतं.

बाबांचं म्हणणं सरळ होतं. "जी वस्तू प्यायला आधी शिकावं लागतं, ती विकायची कशी रे? पाणी प्यायला कुणी शिकवणी लावतं का? पंप विकत होतास तेच बरं होतं!"

मी खरंच पाण्याचे पंप विकत होतो. चांगले विकत होतो. पण पंप विकून घरी आलेल्या माणसाला कुणी कधी विचारलंय का, 'काय हो, यंदाचा पंप कसा उतरलाय?'

बायको दातांची डॉक्टर. तिचा विरोध नव्हता, पण पाठिंबा असा की त्यापेक्षा विरोध परवडला. ती म्हणायची, "तुझं तळघर आणि माझा दवाखाना, दोघांचं गिऱ्हाईक एकच. आधी तुझी वाईन प्यायची आणि दात आंबले की माझ्या खुर्चीत यायचं. चालू दे तुझं!"

आणि आई. आईला वाईनमधलं काही कळत नाही आणि ते ती लपवतही नाही. तिचा कायदा एकच. घरातलं काही वाया जायचं नाही आणि घराबाहेर जाईल ते उत्तमच जायचं. शेजारी खिरीची वाटी गेली तर बदाम शेजाऱ्यांना आणि आम्हाला पातेल्याच्या तळाशी लागलेलं! लहानपणी मला वाटायचं, आपण शेजारी जन्माला आलो असतो तर बरं झालं असतं.

हसा खुशाल. पण पहिल्या वर्षी रस पिंपात आंबायला लागला, तेव्हा मी सगळ्यांना हाताला धरून खाली तळघरात नेलं आणि म्हटलं, पिंपाला कान लावा. आत बारीक चुरचुर चालली होती, जिवंत! आई, बाबा, बायको आणि मी, चौघं चार बाजूंनी पिंपाला कान लावून उभे होतो आणि कुणीही बोलत नव्हतं. आमच्या घरात चार माणसं एका वेळी गप्प असलेली मी तेवढ्याच वेळी पाहिली. त्या क्षणी मी ठरवलं, हे सोडायचं नाही. कुणी काही म्हणो!

आता संकट. यंदाची वाईन तुरट झाली. साधी तुरट नव्हे, घोट घेतला की जीभ टाळूला चिकटायची आणि सोडवायला बायकोला बोलवावं लागेल असं वाटायचं. शहरातल्या मोठ्या हॉटेलच्या मालकीणबाई चाखायला आल्या, एक घोट घेतला, बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, भारावल्या. मग कळलं, तोंड उघडत नव्हतं.

"माल चांगला आहे," अखेर त्या म्हणाल्या, "पण फार ओढतो. काही करता आलं तर पुढच्या महिन्यात पुन्हा येते. नाही तर राहू द्या."

बाबांनी 'राहू द्या' एवढंच ऐकलं आणि संध्याकाळी जाहीर केलं, "त्या बाईंनी घेतली तर तळघर तुझं. नाही घेतली तर गादीवाल्याला द्यायचं. त्याला गाद्या ठेवायला जागा हवीच आहे. बास!"

गाद्या! जिथे माझं घराणं उभं राहायचं, तिथे लोकांच्या गाद्या आडव्या पडणार! मी छातीवर हात मारून म्हटलं, "बाबा, त्या बाई स्वतः येऊन पिंप मागून नेतील!"

"रिकामं?" बायकोने विचारलं.

पण माझ्याकडे उपाय होता. फार जुना उपाय. तुरट वाईनमध्ये अंड्याचा पांढरा बलक घालायचा. तो तुरटपणाला मिठी मारतो आणि त्याला घेऊन गुपचूप पिंपाच्या तळाशी जाऊन बसतो. मग वरची नितळ वाईन अलगद काढून घ्यायची. अंड्याचा वास नाही, चव नाही, काही नाही. दर पिंपाला थोडीच अंडी लागतात, पण पिंपं आठ होती आणि मी माणूस सढळ. ट्रेमागून ट्रे उचलायला लागलो तेव्हा अंडेवाला काळजीने म्हणाला, "साहेब, कोंबड्यांशी काही वैर आहे का?"

रविवारी मी सगळ्या कुटुंबाला कामाला लावलं. ओट्यावर दोन भांडी मांडली आणि सेनापतीसारखा हुकूम सोडला, "आई अंडी फोडेल. पांढरं या बरणीत, पिवळं त्या पातेल्यात. पांढऱ्यात चिमूटभर मीठ घालून हलक्या हाताने फेटायचं, फेस काढायचा नाही." मग बायकोकडे वळलो, "तू बरण्या खाली आणून द्यायच्या. मी ओतणार आणि ढवळणार."

"आणि मी?" बाबांनी पेपरमागून विचारलं.

"तुम्ही विरोध करा."

"तो चालूच आहे."

आईने पातेल्यात साठत चाललेल्या पिवळ्याधमक बलकांकडे पाहिलं, मग बरणीतल्या पांढऱ्या पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अरे, पण ताकद तर सगळी पिवळ्यात असते."

"आई, यात तू पडू नकोस. सांगितलंय तेवढं कर!"

हे वाक्य मी बोललो. तुम्हाला म्हणून सांगतो, आईला असं वाक्य बोलायचं असेल तर आधी दाराकडे तोंड करून उभं राहावं.

सात पिंपं झाली. शेवटचं राहिलं ते बाईंचं पिंप. सगळ्यांत चांगली द्राक्षं त्यात होती, त्यावर मी खडूने मोठी फुली मारून ठेवली होती. नेमका तेव्हाच बायकोने वरून आवाज दिला, हॉटेलवाल्या बाईंचा फोन! तळघरात फोन लागत नाही. मी काठी टाकून धावलो आणि जिन्यातच आईला म्हटलं, "शेवटचं तेवढं तू ओत आणि ढवळ. बाईंचं पिंप आहे. एकदम नीट कर हं!"

आई म्हणाली, "काळजीच नको."

आणि मी काळजी केली नाही! उलट बाईंनी फोनवर यायचा दिवस पक्का केल्यामुळे पुढचे दिवस नुसता तरंगत होतो. वाईन नितळल्यावर सात पिंपं मी एकेक करून स्वच्छ पिंपांत काढून घेतली. चव घेतली आणि काय सांगू! तुरटपणा गेला होता, जीभ मोकळी फिरत होती. आठवं मात्र मी मुद्दाम ठेवलं. ते बाईंसमोर उघडायचं, त्यांच्या देखत पहिला घोट काढायचा.

"आधी चाखून तरी बघ," बायको म्हणाली.

"स्वतःच्या पिंपावर ज्याचा भरवसा नाही, त्याने पंप विकावेत!"

"त्यालाही आधी पाणी येतंय का बघतात," ती म्हणाली, पण मी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतो.

घरात तेव्हा दुसरंच संकट चालू होतं. पातेलंभर पिवळा बलक! आईच्या कायद्यानुसार तो टाकायचा नव्हता. तिने तो डबे भरभरून फ्रीझरमध्ये ठेवला आणि केक करायला लागली. पिवळाजर्द, ओलसर, वरून खरपूस. सकाळी केक, दुपारी केक, पाहुण्यांना केक, दूधवाल्याला केक! बायको आपल्या पेशंटना गोड खाऊ नका म्हणून सांगायची आणि जाताना हातात केकचा पुडा द्यायची. बाबा तर म्हणाले, "वाईन परवडली, तिला निदान नको म्हणता येतं."

अखेर बाई यायचा दिवस उजाडला. तळघर मी आरशासारखं केलं होतं. टेबलावर पांढरा कपडा, त्यावर ग्लास. घरात कुणी अत्तर लावायचं नाही, फोडणी करायची नाही. आणि सगळ्यांत मुख्य म्हणजे गोड खाली आणायचं नाही! गोड खाऊन वाईन प्यायली की ती आंबट लागते. आई केकची थाळी घेऊन जिन्यात उभी होती. "बाई प्रवास करून येणार, रिकाम्या पोटी..." असं काहीतरी म्हणत होती. मी तिला हातानेच मागे लोटलं.

बाई आल्या. त्यांच्या मागोमाग जिन्यावरून बाबा उतरले आणि बाबांच्या मागोमाग एक जाडजूड गृहस्थ, हातात मोजायची टेप घेऊन!

"हे कोण?" बाईंनी विचारलं.

"गादीवाला," तो गृहस्थ अभिमानाने म्हणाला. "चालू द्या तुमचं. मी फक्त लांबी-रुंदी घेतो." आणि त्याने टेपचं टोक माझ्याच पिंपाला अडकवलं!

माझं डोकं असं तापलं की सांगता सोय नाही. पण म्हटलं, आता दाखवतोच! फुलीवाल्या पिंपाचं बूच मी असं काढलं की जणू पडदा उघडतोय. काचेची लांब नळी आत घातली, वाईन ओढली आणि बाईंच्या ग्लासात सोडली.

ग्लासात जे उतरलं त्याला वाईन म्हणणं म्हणजे वाईनवर अन्याय. गढूळ, तपकिरी, वर तेलाचे तवंग आणि मधूनच तरंगणारे पिवळे कण! वास तर असा की अत्तराला बंदी केल्याचा मला पश्चात्ताप झाला.

बाईंनी ग्लास उजेडाकडे धरला. "यात काय आहे?"

खरं तर मलाही ते कळत नव्हतं. पण माघार? गादीवाल्यासमोर? शक्यच नाही! "ही आमच्या घराण्याची खास पद्धत आहे," मी म्हटलं.

"अच्छा. किती जुनी?"

"ताजीच आहे," बायको मागून म्हणाली.

बाईंनी ग्लास दोन बोटांनी टेबलावर ठेवला आणि पर्स उचलली. मग मात्र माझा संयम सुटला. मी थेट बाबांकडे वळलो. "बाबा, हे तुम्ही केलंत! तळघर गादीवाल्याला द्यायचं म्हणून माझ्या पिंपात काहीतरी टाकलंत!"

"मी?" बाबांचा आवाज तळघरात घुमला. "अरे, पिंपात टाकायचं तर हा जिना उतरावा लागतो! माझे गुडघे बघ! आज उतरलोय तो वर कसा जाणार याची काळजी आहे मला!"

"मग याने!" मी गादीवाल्याकडे बोट केलं. "मोजायच्या निमित्ताने येऊन गेला असेल!"

"अहो साहेब, कापसाशिवाय मी आजवर कशात काही भरलेलं नाही!" गादीवाला कळवळला.

"पिवळं मी घातलं," आई म्हणाली.

सगळ्यांच्या माना जिन्याकडे वळल्या.

आई थाळी घेऊन शेवटच्या पायरीवर उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर अपराधीपणाचा मागमूसही नव्हता. "सात पिंपांत पांढरं पाणी घातलंस, मी काही बोलले नाही. म्हटलं, असेल बाबा तुझं शास्त्र. पण हे पिंप बाईंना जायचं होतं. तूच म्हणालास, नीट कर. परक्या घरी आपल्या नावाने वस्तू जाणार आणि त्यात अंड्यातलं नुसतं पांढरं? लोक काय म्हणतील? चांगला अर्धा तास फेटून घातलंय!"

"आणि त्याचं पांढरं?" मी कसंबसं विचारलं.

"ते होय ते!" बाबा ओरडले. "त्या दिवशी मला पांढरंफटक ऑम्लेट मिळालं! मी म्हटलं, डॉक्टरने सांगितलं असेल, म्हणून मुकाट्याने खाल्लं!"

"आई, तुला एवढं सांगितलं होतं की यात पडू नकोस!"

"का नाही पडायचं?" आईने थाळी टेबलावर आदळली. "बाटलीवर 'आणि कुटुंब' लिहिताना विचारलं होतंस मला? कुटुंब फक्त अंडी फोडायला? धंदा कुटुंबाचा, तर अक्कलही कुटुंबाची चालणार!"

मी थाळी बाईंपासून लांब सरकवली.

एवढ्यात मागून 'अहाहा' असा आवाज आला. वळून बघतो तर गादीवाल्याने तो टेबलावरचा ग्लास रिकामा केला होता! मिशीला पिवळा कण लागलेला होता. "पौष्टिक आहे," तो म्हणाला. "छातीत कसं गरम वाटतंय. हे पिंप गाद्यांबरोबर राहिलं तरी माझी हरकत नाही."

बाई जिन्याकडे निघाल्या. मी धावत जाऊन जिन्यात आडवा उभा राहिलो. आता लाज गेली होती, भीतीही गेली होती, तळघर तेवढं उरलं होतं. "तुम्ही जायचं नाही! एक पिंप बिघडलं, सात बाकी आहेत! त्यातलं एक चाखा. मग काय ते बोला. न चाखता या तळघरातून कुणी गेलं तर मी... मी हा जिनाच काढून टाकेन!"

"माझ्या गुडघ्यांचा विचार कर," बाबा पुटपुटले.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने परत आल्या. मी दुसऱ्या पिंपातली वाईन काढली. लाल, नितळ, सुरेख! त्यांनी वास घेतला, घोट घेतला, तोंडात घोळवला.

"बरी आहे," त्या म्हणाल्या.

"बरी?"

"तुरटपणा गेलाय. बरी आहे."

"बरी म्हणजे काय? तब्येत बरी असते! ही वाईन आहे! यात माझं..." नेमकं तेवढ्यात आईने डाव साधला. बाईंच्या हातात केकचा तुकडा!

"आई, नको!" मी ओरडलो. पण उशीर झाला होता. बाईंनी घास घेतला आणि थांबल्या. दुसरा घास घेतला. मग डोळे मिटले. माझ्या वाईनला त्यांनी डोळे मिटले नव्हते! मग नकळत ग्लास उचलला, एक घोट, पुन्हा केक, पुन्हा घोट. आंबट लागल्याचं चिन्हसुद्धा नाही. माझं सगळं शास्त्र त्या बाई चावून गिळत होत्या.

"हा कुणी केला?"

"उरलेल्या पिवळ्याचा आहे," आई संकोचून म्हणाली. "वाया जायला नको म्हणून."

"मला दर आठवड्याला हवा. हॉटेलमध्ये. जेवढा होईल तेवढा." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हवं तर त्याबरोबर छोट्या ग्लासात तुमची वाईनही ठेवू."

हवं तर! त्याबरोबर! छोट्या ग्लासात! माझं रक्त उसळलं. "माझी वाईन केकच्या मागून येणार नाही! आधी वाईन, मग केक! नाही तर..." बायकोने माझ्या पायावर असा पाय दिला की पुढचं वाक्य नुसतंच हवेत राहिलं.

"मग फक्त केक घेते," बाई शांतपणे म्हणाल्या.

आणि तेव्हा आई बोलली. जन्मात विसरणार नाही.

"तसं जमायचं नाही," ती म्हणाली. "वाईन नसेल तर केकही नाही. पांढरं काय फेकून देऊ? ते याच्या पिंपात जातं म्हणून पिवळं मोकळं होतं. आणि छोटा ग्लास कशाला? पाहुण्याला द्यायचं तर भरून द्यावं. मोठाच ग्लास ठेवा."

बाई हसल्या. बऱ्याच हसल्या. मग म्हणाल्या, "ठीक आहे. मोठा ग्लास."

बाबांनी क्षणभर हिशेब केला असावा. गादीवाल्याच्या हातातली टेप काढून घेऊन त्यांनी ती स्वतः गुंडाळली. "तळघर देता यायचं नाही हो. पांढऱ्याची सोय तिथेच आहे." गादीवाल्याने विशेष वाईट वाटून घेतलं नाही. त्याला दोन तुकडे केक आणि फुलीवाल्या पिंपातली एक बाटली मिळाली.

मला काय वाटलं ते सांगतो. मला वाटलं, आईला मिठी मारावी आणि मला वाटलं, जोरात ओरडावं. दोन्ही एकदम येत नाहीत म्हणून मी जाऊन पिंप ढवळत बसलो.

तर असा आमचा घरचा धंदा उभा राहिला. वर दोन ओव्हन आलेत. बायको दवाखान्यातून आली की खोकी बांधते. आई पहाटेच अंडी फोडायला बसते. पिवळं वर राहतं, पांढरं बरण्या भरून खाली येतं. बाबा आल्यागेल्याला हौसेने घर दाखवतात. "हे वर आमचं काम चालतं," ते म्हणतात, "आणि खाली आमचा मुलगा असतो. तो पांढरं संपवतो."

म्हणू देत! तळघर माझं आहे, पिंपं माझी आहेत आणि यंदाची वाईन मागच्यापेक्षा सरस उतरली आहे, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. धंदा वाढतोय! या आठवड्यात तर नवं पिंपसुद्धा येतंय!

म्हणजे, मागवलंय आईने. तिच्याकडे पांढरं फार साठलंय.